अण्णांच्या ट्रंकेतलं पुस्तक: राम राज यांचा १८३४ सालचा वास्तुकलेवरचा सचित्र निबंध

तळखडा

मंडळी, गेल्या महिन्यात वाईला आत्याकडे गेलो होतो. मागचा सोपा उतरवायचा होता म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढत होतो. आत्याचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत टी-स्क्वेअर, गंजलेली कंपासपेटी आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक मोठं पुस्तक मिळालं.

मुखपृष्ठाची कातडी पाठीवर सुटली आहे. आतलं पहिलं पान वाचलं आणि तिथेच ट्रंकेवर बसलो. ‘एसे ऑन द आर्किटेक्चर ऑफ द हिंदूज’, लेखक राम राज, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी छापलेलं, साल १८३४. मजकूर जेमतेम ६४ पानांचा आणि चित्रफलक ४८. आमच्या प्रतीत ४५ आहेत, तीन गळाले. कडांना कसर लागली आहे, काही फलकांवर तांबूस ठिपके आहेत, पण रेषा अजून इतक्या स्वच्छ आहेत की बोट फिरवावंसं वाटतं.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राम राज मूळचे तंजावरचे, जन्म १७९० च्या आसपासचा. पलटणीतल्या एका अधिकाऱ्याकडे वकील, मग मद्रासच्या लष्करी हिशेब कचेरीत कारकून, पुढे फोर्ट सेंट जॉर्जच्या कॉलेजात इंग्रजीचे मुख्य शिक्षक आणि शेवटी बंगळूरला न्यायाधीश. रिचर्ड क्लार्क नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना संस्कृत शिल्पग्रंथांचा शोध घ्यायला सुचवलं आणि नोकरी सांभाळून त्यांनी तो घेतला. पुस्तक छापून आलं तेव्हा ते हयात नव्हते.

त्यांनी आधार घेतला मुख्यतः ‘मानसारा’चा, जोडीला ‘मयमत’, ‘काश्यप’ वगैरे ग्रंथ. हाती आली ती अर्धीमुर्धी, चुकांनी भरलेली हस्तलिखितं. ब्राह्मण पंडितांना संस्कृत यायचं, पण ‘कंप’ म्हणजे दगडात नेमकं काय, हे सांगता यायचं नाही. शिल्प्यांना दगड कळायचा, पण ग्रंथाची भाषा कळायची नाही. शेवटी त्यांना तंजावरचा एक शिल्पी भेटला, कम्माळ जातीचा, ज्याला काम येत होतं आणि त्या कामातले बहुतेक शब्दही. त्याच्यासोबत बसून त्यांनी एकेक शब्द दगडाशी जुळवला. मला या पुस्तकातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते.

आता माझी खरी गोष्ट. सुरुवातीच्या फलकांच्या कडेला, दगडी थरांच्या संस्कृत नावांसमोर अण्णांनी बारीक पेन्सिलीनं मराठी शब्द लिहिले आहेत. ‘कंठ’समोर ‘गळा’. ‘कुमुद’समोर ‘गोल’. ‘कपोत’समोर ‘छज्जा, बाहेर झुकलेला’. ‘कंप’समोर ‘बारकी पट्टी’. खाली एका ठिकाणी ‘पाथरवटास विचारले’ एवढंच. आणि ‘आलिंग’ या शब्दासमोर नुसतं प्रश्नचिन्ह.

दोन गोष्टी हव्या आहेत. पुस्तक वाचवायचं कसं, हे जाणकारांनी सांगावं. आणि अण्णांचं अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायचं आहे, त्यासाठी तुमच्याकडचे शब्द हवे आहेत.

शाईचा डाग

तळखडा, आधी एक काम करा. धोतर काढून टाका, पुस्तक आडवं ठेवा, उभं नको. पाठ सुटलेली असताना उभं ठेवलं की स्वतःच्या वजनानंच फाटत जातं.

मी हस्तलिखितं आणि जुन्या छापील पुस्तकांच्या जतनाचं काम करते. तुमच्या प्रतीचं एक चांगलं आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याआधीचा कागद चिंध्यांचा. म्हणून तुमचं १८३४ चं पुस्तक १९२० च्या एखाद्या पुस्तकापेक्षा जास्त टणक निघेल. शंभर वर्षांपूर्वीची मराठी मासिकं हातात घेतली की पापडासारखी मोडतात, हे तसं मोडणार नाही.

सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर नाहीच नाही. डांबरगोळ्या कागदाला टेकून ठेवू नका. कसर ओलाव्यावर जगते, आणि वाईचा पावसाळा म्हणजे तिला मेजवानी, तेव्हा पुस्तक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. प्रत्येक पान मऊ ब्रशनं झटका, शिवणीकडून कडेकडे. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या चिकाची खळ, बस. ही खळ पाण्यानं सुटते, म्हणजे उद्या कुणाला याहून चांगलं करता आलं तर त्याची वाट मोकळी राहते.

जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. हेतू चांगला, पण तांब्याचा अंश कागदाला आतून जाळतो. पाठीच्या आत हिरवट निळी झाक दिसली तर मला फोटो पाठवा.

आणि हात जोडून सांगते, कुठल्याही बाइंडरच्या हाती देण्याआधी ‘कडा कापायच्या नाहीत’ हे कागदावर लिहून त्याची सही घ्या. माझ्या आजोबांचं एक नकाशांचं पुस्तक मी कॉलेजात असताना बांधायला दिलं होतं. परत आलं ते तिन्ही बाजूंनी सफाईदार कापून, झळझळीत रेक्झिनमध्ये. आजोबांनी समासात लिहिलेल्या ओळींचे अर्धे अर्धे शब्द उरले. त्या दिवशी खूप रडले होते, आणि या कामात मी आले ती त्यामुळेच. अण्णांची पेन्सिल समासातच आहे ना? मग जपा.

तळखडा

ताई, मनापासून आभार. पाठीत निळसर काही नाही. पुस्तक आता आतल्या खोलीत, सुती कापडात, आडवं. पेन्सिलीचे शब्द सगळे समासात आहेत, तुमचं वाचून पोटात धस्स झालं.

कावेरीकाठ

राम राज यांचं नाव मराठी पानावर बघून राहवलं नाही. मी तंजावर मराठी. आमच्या घरात साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्यांची मराठी अजून बोलतात, पुण्याच्या माणसाला ती ऐकायला वेगळी वाटते एवढंच.

राम राज लहान होते तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसले होते. सरफोजीराजांचा काळ म्हणजे सरस्वती महाल या तिथल्या ग्रंथालयात पोथ्या जमवण्याचा काळ. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याची मराठी बखर कोरली गेली ती १८०३ साली. आजही उभं राहून वाचता येते, मी लहानपणी वडिलांचं बोट धरून वाचली आहे. अशा गावात वाढलेल्या माणसाला दगड आणि अक्षर या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नसणार.

आणि एक गोष्ट तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. राम राज यांच्याकडे साहेबांचं लक्ष गेलं ते वास्तुकलेमुळे नव्हे. टिपूनं आपल्या महसुली अंमलदारांसाठी काढलेल्या नियमांचं त्यांनी मराठीतून इंग्रजीत भाषांतर केलं होतं, ते वाचून लोकांनी त्यांना हेरलं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या परिचयातच हे आहे, तळखडा यांनी पाहावं. म्हैसूरकडे हिशेबठिशेब कानडीसोबत मराठीतही चालायचे. म्हणजे या निबंधापर्यंत पोचण्याची त्यांची पहिली पायरी आपल्या भाषेची होती. मला याचा फार अभिमान वाटतो.

गळालेल्या तीन फलकांचं मी बघते. पुस्तकाच्या स्कॅन प्रती जालावर आहेत. त्यातले चांगले शोधून त्याच मापात चांगल्या कागदावर छापून पाठवते. बाइंडिंगमध्ये घालू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली हे कळेल.

नवशिका

मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाबडा प्रश्न असेल तर माफ करा. हे म्हणजे वास्तुशास्त्रच ना? ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर वगैरे? आमच्या कॉलेजात त्याला कुणी हात लावत नाही.

तळखडा

प्रश्न अगदी रास्त आहे. दिशा आणि देवता या ग्रंथांत आहेत, जागेचे ६४ किंवा ८१ चौकोन पाडून एकेकात देवता बसवतात, ते खरं. पण राम राज यांच्या पुस्तकाचा भर त्यावर नाही. त्यांना हवं होतं ते माप. उपपीठ म्हणजे खालची बैठक, अधिष्ठान म्हणजे पाया, स्तंभ, प्रस्तर म्हणजे खांबांवरचा पट्टा, मग विमान म्हणजे शिखरासह गाभारा आणि गोपुर म्हणजे दारावरचा मनोरा. कुठल्या थराची उंची किती, तो पुढे किती यावा, मागे किती जावा, हेच पानोपानी.

या ग्रंथांतलं एक उदाहरण देतो. जमिनीत खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्यातच परत भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्यायची. मातीचा भरीवपणा तपासायची ही रीत पाया काढणाऱ्या कुठल्याही गवंड्याला पटेल.

दुसरं, दिशा काढणं. हे मी परवा गच्चीवर करून पाहिलं. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ तासलेली काठी, पाणसळ केलेल्या जागेवर ओळंब्यात उभी केली. तिच्या पायाशी केंद्र धरून सुतळीनं खडूचं वर्तुळ काढलं. सकाळी काठीची सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाला टेकली तिथे खूण केली. दुपारी ती वाढत वाढत दुसऱ्या बाजूनं टेकली तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. मोबाइलच्या होकायंत्राशी ताडून पाहिलं, डोळ्याला फरक दिसला नाही. दोन खुणांच्या मधल्या वेळात सूर्य जरासा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, त्याची महिन्यागणिक वजावटसुद्धा मानसारात दिली आहे. दुसऱ्या वर्षाला आहात ना, एका सुट्टीच्या दिवशी करून बघा. पुस्तकात वाचण्यापेक्षा खडू हातात धरून जास्त कळतं.

वाढई

आमच्या चंद्रपूरकडे सुताराला वाढईच म्हणतात, आणि मी त्याच घरातला, म्हणून हे नाव घेतलं. मानसारात कारागिरांचे चार प्रकार सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपती सगळ्यांचा प्रमुख, सूत्रग्राही दोरी धरून आखणी करणारा, वर्धकी जोडकाम करणारा आणि तक्षक तासणारा. ‘वर्धकी’ वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वर्धकीचाच वाढई झालेला आहे. माझ्या बापानं ही पोथी कधी पाहिली नाही, पण तिच्यातलं नाव जन्मभर लावलं.

मापांचंही तसंच. तिथे परमाणूपासून सुरू करून आठ-आठच्या पटीनं चढत जातात: रथधूली, वालाग्र, लिक्षा, यूका, यव, आणि आठ यवांचा एक अंगुळ. लिक्षा म्हणजे आपली लीख, यूका म्हणजे ऊ. केसाचं टोक, लीख, ऊ, जवाचा दाणा. ज्यानं हे बसवलं त्यानं घरातल्याच वस्तू घेतल्या. आणि आम्ही आजही इंचाचे आठ सूत धरतो. ‘दोन सूत कमी घे’ म्हटलं की पोरगा रंधा किती मारायचा ते समजतो. सूत थेट यवापासून आलं असं मी म्हणत नाही, इंच साहेबाचा आहे. पण आठानं भागायची सवय हाताला जुनी असावी असं वाटतं.

तळखडा दादा, शब्द हवे होते ना? आतल्या बाजूला गोल खाच काढतो तिला आम्ही गलता म्हणतो. त्याच्या वर-खाली बारीक कोर सोडतो ती पट्टी. खांबाखालचा दगड तळखडा, ते तर तुम्ही नावातच लावलं आहे. वरचा हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण. हे लाकडाचे झाले. दगडाचे पाथरवटालाच विचारा.

प्रश्नचिन्ह

चर्चा सुंदर चालली आहे आणि पुस्तकाबद्दल मलाही आदर आहे. तरी एक बाजू मांडली पाहिजे.

राम राज यांनी हे पुस्तक कुणासाठी लिहिलं? लंडनच्या वाचकासाठी. त्या वाचकाच्या डोक्यात ग्रीक आणि रोमन खांब पक्के बसलेले होते. म्हणून मांडणी तशी केली आहे: आधी बैठक, मग पाया, मग खांब, मग वरचा पट्टा. मानसारातला दुसऱ्या जातीचा खांब टस्कनसारखा, तिसरा डॉरिकसारखा, चौथा आयोनिकसारखा, पाचवा कोरिंथियन किंवा कंपोझिटसारखा, असं ते जुळवत जातात. पण आपल्या देवळाकडे बघताना आपण खांबापासून सुरुवात करतो का? आपण गाभाऱ्यापासून करतो, शिखरापासून करतो. चौकट परकी आहे आणि तिच्यात आपलं देऊळ बसवताना काही ना काही बाहेर राहतंच.

दुसरं, उदाहरणं सगळी दक्षिणेची. ‘हिंदूंची वास्तुकला’ हे नाव पुस्तकाला जरा मोठंच होतं. नागर, द्राविड, वेसर या देवळांच्या तीन प्रकारांचा मानसारातला अर्थ चौकोनी, सहा-आठ कोनी आणि गोल असा आकारावरून आहे. खजुराहोचं किंवा ओडिशाचं देऊळ समजून घ्यायला तो फारसा उपयोगी नाही.

तिसरं, ग्रंथाचा काळ. राम राज ‘अनादी काळापासून’ असा सूर लावतात. मानसाराच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठा वाद आहे. प्रसन्नकुमार आचार्यांनी पुढे सगळा ग्रंथ संपादून १९३४ साली त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. त्यांनी तो गुप्तकाळाजवळ नेला आणि व्हिट्रूव्हियस या वास्तुकलेवर लिहिणाऱ्या रोमन लेखकाशी त्याचं साम्यही दाखवलं. अनेकांना ते पटलेलं नाही.

तळखडा

प्रश्नचिन्ह, तुमचे दुसरा आणि तिसरा मुद्दा मला मान्य आहेत. पहिल्यावर थोडं बोलू द्या, कारण याच जागी मी गेले आठ दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो आहे.

राम राज तुलना करून थांबत नाहीत. ते म्हणतात की हे साम्य इतकं ठळक आहे की निव्वळ योगायोग म्हणवत नाही, पण लगेच पुढे दाखवतात की आपल्याकडे टस्कनपेक्षा एका व्यासानं (खांबाची उंची त्याच्या पायाच्या व्यासात मोजतात) ठेंगणे आणि कंपोझिटपेक्षा एक-दोन व्यासांनी उंच खांबही आहेत. म्हणजे सहा व्यासांपासून बारा व्यासांपर्यंत. युरोपच्या चौकटीत आपलं माप मावत नाही, ते तिच्या दोन्ही टोकांनी बाहेर येतं, हे त्यांनीच सांगितलं आहे. लंडनच्या वाचकाला त्याच्या भाषेत सांगितलं, एवढंच.

आणि खांबाच्या निमुळतेपणाचा नियम पाहा. खांबाची उंची जितके व्यास, तितके भाग पायाच्या व्यासाचे करायचे आणि वरच्या टोकाला त्यातला एक भाग कमी करायचा. मी पायाशी दोन फूट, म्हणजे २४ इंच धरून काढलं. सहा व्यासांचा खांब १२ फुटी, माथ्याला २० इंच. आठ व्यासांचा १६ फुटी, माथ्याला २१ इंच. बारा व्यासांचा २४ फुटी, माथ्याला २२ इंच. तिन्ही एकाशेजारी एक काढले तेव्हा कळलं. उंच खांबाचा माथा डोळ्यापासून लांब असतो, लांबचं आपसूक बारीक दिसतं, म्हणून हातानं कमी बारीक करायचं. डोळा उरलेलं काम करतो. आपल्या शिल्प्यांना हे पूर्वापार ठाऊक आहे, हे राम राज ज्या आनंदानं लिहितात तो आनंद मला कागदावर रेषा ओढताना मिळाला.

प्रश्नचिन्ह

तळखडा, हिशेब तपासला, बरोबर आहे. दोन्ही टोकांनी बाहेर येणारं माप, हा तुमचा मुद्दा मी मान्य करतो, तो माझ्याकडून सुटला होता.

मात्र एक बारकावा आहे. व्हिट्रूव्हियसचाही नियम असाच आहे, पण तो खांबाच्या प्रत्यक्ष उंचीवर चालतो. १५ फुटांपर्यंतचा खांब असेल तर पायाचे सहा भाग आणि माथ्याला पाच, ४० ते ५० फुटी असेल तर आठ भाग आणि माथ्याला सात. मानसाराचा नियम उंचीवर नाही, सडपातळपणावर चालतो. सहा व्यासांचा खांब ६ फुटी असो की ३० फुटी, माथा सहाव्या हिश्श्यानंच कमी. म्हणजे नजरेचं कारण दोघांना सारखं लागू होत नाही. व्हिट्रूव्हियस बघणाऱ्याचा डोळा किती खाली आहे ते मोजतो, आपला शिल्पी खांबाचाच बांधा मोजतो. राम राज यांनी हा फरक पुसला असं मला वाटतं, आणि तो फरक जास्त मोलाचा आहे.

तळखडा

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुन्हा आकृत्या काढतो. फार चांगलं दाखवलंत.

काळा पाषाण

दक्षिणेची उदाहरणं हा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं सांगतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. सिन्नरचं गोंदेश्वर त्याच भूमिज घडणीचं, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी असलेलं. राम राज यांचं पुस्तक हातात घेऊन अंबरनाथला गेलात तर खालचे थर ओळखाल, पण शिखराखाली उभे राहिलात की पुस्तक मुकं होईल. त्यासाठी धारच्या भोजराजाच्या नावावरचा ‘समरांगणसूत्रधार’ किंवा ‘अपराजितपृच्छा’ उघडावी लागते. भूमिज हा शब्द तिथे भेटतो.

आणि कृपा करून अंबरनाथला हेमाडपंती म्हणू नका. हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारी आला तो १३व्या शतकात, हे देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी अंबरनाथला जाऊन साचे घेत आणि चित्रं काढत होते. ज्यांना जुन्या रेखाटनांची आवड आहे त्यांनी ती चित्रं जरूर शोधावीत. मराठीत वाचायचं असेल तर नाशिकचे इंजिनिअर रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनी शंभर वर्षांपूर्वी प्राचीन शिल्पशास्त्रावर लिहिलेलं मिळवा. पेशानं इंजिनिअर असलेला माणूस संस्कृत ग्रंथ वाचून मराठीत लिहीत होता, आणि आज त्यांचं नाव किती जण घेतात?

नवशिका

शंकूचा प्रयोग आम्ही पाच जणांनी हॉस्टेलच्या मैदानात केला. पहिल्या दिवशी ढग आले आणि दुपारची खूण मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी जमलं. आमच्या सरांनी येऊन पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला करायला लावणार म्हणाले. राम राज यांचे फलक मी स्कॅनवरून उतरवायला घेतले आहेत. एका उपपीठाला चार तास लागले.

शाईचा डाग

चार तास लागले म्हणजे नीट बघितलंत. शाबास.

तळखडा

मंडळी, थोडा उशीर झाला. परत वाईला जाऊन आलो.

अण्णांनी ‘पाथरवटास विचारले’ लिहिलं आहे, तो पाथरवट कोण, हे आत्याला विचारलं. तिला आठवत होतं. अण्णा रविवारी सायकलवर टांग मारून मेणवलीकडे जायचे, घाटाच्या दुरुस्तीला एक म्हातारे कारागीर यायचे, त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. ‘पुस्तक पिशवीत घालून न्यायचे आणि मी ओरडायचे, पावसात भिजेल म्हणून,’ असं म्हणाली. ते कारागीर केव्हाच गेले. त्यांचा मुलगा आहे, सत्तरीच्या पुढचा. आता टाकी चालवत नाही, डोळ्यांना कमी दिसतं.

त्यांच्या ओटीवर बसलो. पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, अण्णांचा शब्द लिहिलेला फलक उघडून. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तर्जनी सगळ्यांत खालच्या रेषेवर ठेवली आणि वर वर सरकवत म्हणत गेले: जोतं, गोल, पट्टी, गळा, पट्टी, छज्जा. अण्णांनी लिहिलेले शब्द मी वाचून दाखवले नव्हते. सगळे जुळले.

‘आलिंग’वर त्यांचं बोट थांबलं. चित्रात ती दोन थरांमधली एक अरुंद, आत गेलेली रेघ आहे. मी म्हटलं, काका, याला काय म्हणता? ते म्हणाले, ‘ह्याला येगळं नाव नाय. हे घडवायचं नसतं, सोडायचं असतं. वरच्या थराची सावली पडाया पायजे ना, तेवढी जागा. नाय सोडली तर दोन थर लांबून एकच दिसत्यात.’

मी उठून त्यांच्याच घराच्या जोत्याकडे पाहिलं. दुपारचे चार वाजले होते. दोन चिऱ्यांच्या थरांमध्ये बोटभर काळी रेघ होती, इतकी वर्षं अशा जोत्यांवर बसलो पण ती दिसली नव्हती.

अण्णांच्या प्रश्नचिन्हापुढे मी पेन्सिलीनं लिहिलं आहे: ‘सावलीची जागा’. राम राज यांच्या लिखाणात त्यांना शब्द सांगणारा शिल्पी येतो तो तंजावरचा, कम्माळ जातीचा, एवढाच, नाव नाही. म्हणून काकांना त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव विचारलं आणि ‘पाथरवटास विचारले’ या ओळीखाली तेही लिहिलं. इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पुस्तकात आहे.

कावेरीकाठ ताई, तीन फलक पोचले, पाकिटात ठेवले. वाढई दादा, काका तुमच्या ‘गलता’ला ओळखतात, पण म्हणतात तो लाकडाचा शब्द, दगडात गळाच. पुढच्या रविवारी खांबांचे फलक घेऊन जाणार आहे. शाईचा डाग ताई, पिशवी प्लास्टिकची नेऊ की कापडाची?

शाईचा डाग

कापडाची. आणि आत पुठ्ठ्याचा खोका, पुस्तकाच्या मापाचा. पावसाचा रंग दिसला तर जाऊ नका, काकांनाच घरी बोलवा.